मुखपृष्ठावरची बाई आणि आतल्या पानांचं अर्थकारण

दसरा उलटला की नागपूरच्या बर्डीवर दिवाळी अंकांचे गठ्ठे सुटतात. विकत घ्यायचे नसले तरी थोडा वेळ उभं राहून मुखपृष्ठं बघावीत. हातात निरांजन घेतलेली बाई, रांगोळीपाशी वाकलेली बाई, दारात उभी राहून कुणाची तरी वाट बघणारी बाई, आणि अलीकडे मालिकेतली नटी, तीसुद्धा नऊवारी आणि नथीत. पुरुष दिसलाच तर तो पुढारी, गायक किंवा खेळाडू असतो; म्हणजे त्याने काहीतरी केलेलं असतं आणि त्याबद्दल आत लेख असतो. मुखपृष्ठावरच्या बाईबद्दल आत बहुतेक वेळा काहीच नसतं. अंक विनोदाचा असो, ज्योतिषाचा असो की पर्यटनाचा, ती आपली बाहेर उभी.

ही रीत जुनी आहे. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ चा, का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाचा. रविवर्मा यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती त्याआधीच घरोघरच्या भिंतींवर पोचल्या होत्या. रंगीत छपाई आवाक्यात आली तसा तोच गोरा, गोल, मोठ्या डोळ्यांचा चेहरा मासिकांवर उतरला. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यातल्या स्त्रिया दोन पिढ्यांना देखणेपणाचा नमुना म्हणून पुरल्या. दलालांची रेषा थोरच. पण शेतात राबून रापलेली, पन्नाशीची, चष्म्याची बाई त्या रेषेच्या वाट्याला फारशी आली नाही. आणि मधुकर पाटकर यांच्या 'आवाज'ची, म्हणजे १९५१ पासूनची, खिडकी-चित्रं आठवा. खिडकीतून काहीतरी चावट दिसतं, पान उलटलं की साधंच निघतं. गंमत झकास असते, पण ती उभी राहते ती बघणारा पुरुष आहे हे धरून. बाई तो अंक वाचायची नाही असं नव्हे. हसायला मात्र तिला पुरुषाच्या जागी बसून बघावं लागायचं.

आदर्श म्हणजे कुणाचा हुकूम नव्हे

शरीर जन्माने मिळतं. 'बाईने असं वागावं, पुरुषाने तसं' हे मागाहून शिकवलं जातं. अभ्यासक त्याला लिंगभाव म्हणतात. घर शिकवतं, शाळा शिकवते, कीर्तन शिकवतं, सिनेमा शिकवतो. मग मासिकाचं वेगळं काय? ते ठरलेल्या तारखेला घरी येतं, 'तुम्ही' म्हणून थेट आपल्याशी बोलतं, आणि वर्षानुवर्षं येत राहिल्यामुळे ओळखीचं होऊन बसतं. उपदेश करणाऱ्या माणसाशी आपण वाद घालतो. मासिक उपदेश कमी करतं आणि गृहीत जास्त धरतं, त्यामुळे वाद घालायला जागाच सापडत नाही.

'सासूबाईंचं मन कसं जिंकाल?' हा लेख घ्या. आतला सल्ला चांगला असेल, वाईट असेल. पण सल्ला वाचायच्या आधीच एक गोष्ट ठरून गेलेली असते: मन जिंकणं हे सुनेचं काम. 'सुनेचं मन कसं जिंकाल?' असा लेख सासऱ्यांसाठी कुणी छापलेला दिसत नाही. 'घर आणि ऑफिस, तारेवरची कसरत' हा तर पुरोगामी लेख. नोकरी करणाऱ्या बाईचं त्यात कौतुक असतं, वेळेच्या नियोजनाच्या युक्त्या असतात. तार कुणी बांधली आणि दुसरं टोक धरायला कुणी का नाही, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नाही. मासिकाचा खरा जोर इथे असतो. उत्तरं पटली नाहीत तर आपण ती सोडून देतो; प्रश्न मात्र 'हा आपलाच' म्हणून घरी ठेवून घेतो.

याउलटही घडतं, आणि ते सांगितल्याशिवाय विषय अर्धा राहतो. एखादा प्रश्न आजवर कुणी छापलेलाच नसतो, तो छापून आला की हजार बायकांना एकदम कळतं की हे आपल्या एकटीचं नव्हतं.

बुलढाण्याहून गेलेलं उत्तर

छापील पानावर बायकांबद्दल काय लिहिलं जातं, याची झडती महाराष्ट्रात सगळ्यात आधी घेणाऱ्यांपैकी एक बाई आपल्या विदर्भातली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. 'पुणे वैभव'मधल्या लिखाणात बायकांच्या बिघडत्या चालीवर ताशेरे होते. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून त्याला उत्तर दिलं. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते तुमच्यात नाहीत का, असा एकेक दुर्गुण घेऊन त्यांनी हिशेब मांडला. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतिराव फुले 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंनी त्यानंतर काही छापल्याचं दिसत नाही. वर्तमानपत्र दर आठवड्याला निघत होतं, त्यांचं पुस्तक एकदाच निघालं. नियतकालिकाची ताकद किती, ते यातून समजतं: त्याला एकदा बरोबर असावं लागत नाही, पुन्हा पुन्हा यावं लागतं.

'स्त्री' आणि चढत गेलेले थर

महाराष्ट्रातल्या मासिकांचा विषय निघाला की 'स्त्री'पाशी थांबावंच लागतं. किर्लोस्करांचा कारखाना लोखंडी नांगराचा. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे शंवाकिंनी, 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याचं पत्र म्हणून. त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'.

'स्त्री'मध्ये विणकामाचे नमुने होते, पाककृती होत्या, बाळाच्या संगोपनाची माहिती होती. त्याच पानांशेजारी हुंडा, विधवेचं आयुष्य, मुलींचं शिक्षण, मनाविरुद्ध झालेली लग्नं यांवर कथा आणि चर्चा होत्या. आज हे मिश्रण विचित्र वाटेल. तेव्हा ते शहाणपणाचं होतं. १९५१ च्या जनगणनेतसुद्धा देशातल्या बायकांमध्ये साक्षर होत्या त्या शंभरात नऊसुद्धा नाहीत. म्हणजे १९३० मध्ये वाचू शकणारी बाई विरळा, आणि तिच्या मासिकाची वर्गणी भरणारा बहुधा नवरा किंवा सासरा. स्वेटरचा नमुना बघून त्याने अंक घरात येऊ दिला, आणि स्वेटरमागून बाकीचं आत आलं.

या मासिकांनी एक नवी बाई मराठी घरांपुढे ठेवली. ती वाचते, मुलांना उकळलेलं पाणी देते, जमाखर्च लिहिते, जगात काय चाललंय ते तिला ठाऊक असतं. आजीच्या पिढीपेक्षा ही मोठी झेप होती. पण या झेपेत एक मेख आहे, ती पुढच्या प्रत्येक दशकात दिसते. नवा आदर्श येताना जुना उतरत नाही, त्याच्या डोक्यावर चढतो. आधी रांधणारी बाई होती. मग रांधून वाचणारी झाली. साठ-सत्तरच्या दशकांत, 'मेनका' आणि 'माहेर'च्या काळात, रांधून, वाचून, बँकेत नोकरी करणारी झाली. नव्वदीनंतर यात बांधा आणि कांती यांची भर पडली. आता 'स्वतःसाठी वेळ काढा' हा मंत्र आहे. दिसायला तो मोकळीक देणारा, पण यादीत बघाल तर तेही आणखी एक काम. ते जमलं नाही की अपराधी वाटायचं, एवढंच वाढलं.

'स्त्री'चा सूर पुढे धारदार झाला. विद्या बाळ १९८० च्या दशकात त्याच्या संपादक होत्या, त्या काळात मासिकाचं नातं रस्त्यावरच्या स्त्रीचळवळीशी जडलं. त्यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. त्या मासिकात बाईला सुधारण्याऐवजी तिच्याशी गप्पा मारायचं धोरण होतं, आणि पुरुषांनाही त्या गप्पांत ओढलेलं होतं. त्याच्याआधी, १९७७ मध्ये, पुण्यातल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी 'बायजा' काढलं होतं. अशी मासिकं खपात मागे आणि प्रभावात पुढे असतात. गुळगुळीत कागद त्यांना परवडत नाही. का परवडत नाही, ते आता बघू.

दोन गिऱ्हाइकं

मासिकाची दोन गिऱ्हाइकं असतात. एक आपण, अंकाची किंमत देणारे. दुसरा जाहिरातदार, पानाचे पैसे देणारा. कागद, रंगीत छपाई, टपाल, विक्रेत्याची कटौती हे सगळं अंकाच्या किमतीतून निघणं कठीण असतं. उरलेलं जाहिरातीतून येतं. त्यामुळे मासिक आपल्याला लेख विकतं आणि जाहिरातदाराला आपल्याला विकतं. जाहिरातदाराला कसा वाचक आवडेल? समाधानी वाचक त्याच्या काय कामाचा! त्वचा बरी आहे, स्वयंपाकघर चालतंय, केस आहेत तसे आहेत, असं मानणाऱ्या बाईला विकायचं तरी काय.

ही गोष्ट सगळ्यात नेमकी सांगितली आहे अमेरिकेतल्या ग्लोरिया स्टायनम यांनी. 'मिझ' हे स्त्रीवादी मासिक त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं. १९७२ पासून ते नियमित निघू लागलं. जाहिरातींवर चालवायचे प्रयत्न झाले, ते फसले, आणि १९९० मध्ये मासिक जाहिरातींशिवाय नव्याने सुरू झालं. त्या अंकात स्टायनम यांनी आतली सगळी अंडीपिल्ली बाहेर काढली. खाद्यपदार्थांचे जाहिरातदार म्हणत, आधी पाककृती छापा, मग जाहिरात देतो. प्रसाधनांचे जाहिरातदार सौंदर्याच्या सल्ल्यांशेजारची जागा मागत. गाड्यांचे जाहिरातदार बायकांच्या मासिकाकडे फिरकायला तयार नसत, कारण गाडी पुरुष घेतो असा त्यांचा समज. आणि एक किस्सा तर वाचून डोक्याला हात लावावा असा. मासिकाने सोव्हिएत रशियातून हद्दपार झालेल्या स्त्रीवाद्यांवर मुखपृष्ठकथा केली. महत्त्वाची बातमी होती. पण स्टायनम लिहितात की रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीने जाहिराती काढून घेतल्या. कारण मुखपृष्ठावरच्या रशियन बायकांच्या चेहऱ्यावर मेकअप नव्हता.

म्हणजे जाहिरात पानाच्या कोपऱ्यात गुपचूप बसत नाही. तिच्या शेजारी काय छापायचं तेही ती ठरवते. आपल्याकडच्या दैनिकांच्या महिला पुरवण्या या नजरेने चाळून बघा. धनत्रयोदशीच्या आठवड्यात 'यंदा कोणते दागिने चालतात' हा लेख आणि त्याखाली इतवारीतल्या सराफाची पाव पान जाहिरात. लग्नसराईत 'नववधूची त्वचा', आणि पलीकडच्या पानावर पार्लर. लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे छोट्या अक्षरातली ओळ शोधल्याशिवाय कळत नाही.

मला आमच्या उन्हाळ्याचं उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास. मुख्य पानांवर बातमी येते: उष्माघात टाळा, दुपारी बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. पुरवणीत लेख येतो: उन्हाळ्यात त्वचा काळवंडू नये म्हणून काय कराल? ऊन एकच. बाईचा त्याच्याशी संबंध कातडीपुरता. भर दुपारी गॅससमोर उभी असलेली, गच्चीवर कुरड्या आणि सरगुंडे वाळत घालणारी बाईही उष्माघाताने कोसळू शकते, हे दोन्ही पानांत नाही. आणि घाम पुसायच्या पंच्यासाठी कुणी जाहिरात देत नाही.

काळवंडण्याच्या भीतीमागे मोठी उलाढाल आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आलं आणि नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' व्हायला २०२० उजाडलं. 'फेमिना' हे बायकांचं इंग्रजी नियतकालिक १९५९ चं. १९६४ पासून त्याच्या नावाने मिस इंडिया स्पर्धा होऊ लागली. १९९४ मध्ये याच स्पर्धेतून गेलेल्या सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाल्या. बाजार नुकताच खुला झाला होता, परदेशी प्रसाधनं दारात होती. त्यानंतर गावोगावच्या गॅदरिंगमध्ये 'मिस अमुकतमुक' सुरू झालं, ते चाळिशीतल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

फोटोत कोण उभं, कोण वाकलेलं

शब्द वाचता येतात तसे फोटोही वाचता येतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी मासिकांतल्या शेकडो जाहिराती शेजारी शेजारी ठेवून एक पुस्तक केलं. १९७९ मध्ये ते आलं. त्यांनी बघितल्या त्या बारीकसारीक गोष्टी. पुरुषाचा हात वस्तू घट्ट पकडतो. बाईची बोटं वस्तूवरून नुसती फिरतात. पुरुष उंच दिसतो, नाहीतर बाईला बसवलेलं, टेकवलेलं असतं. बाईची मान कललेली, गुडघा किंचित वाकलेला. दोघं काही करत असतील तर तो दाखवतो, ती बघते. तिची नजर बहुधा चौकटीबाहेर कुठेतरी हरवलेली, त्याची सावध.

एक फोटो पाहून यातलं काही खटकत नाही, आणि तेच गॉफमन यांचं म्हणणं. स्त्री-पुरुषांच्या जागा उलट केलेला फोटो मनात आणून बघा. जे हास्यास्पद वाटेल ते आपल्यात मुरलेलं असतं. वॉशिंग मशीनच्या जाहिरातीत मशीनवर अलगद बोट ठेवून, मान कलती करून उभा असलेला मिशीवाला काका, आणि मागे हाताची घडी घालून काकू. हसू आलं ना?

कुणाची बाई?

आतापर्यंत 'बाई' असं सरसकट म्हटलं, पण मासिकातली बाई सगळ्यांची नव्हतीच. ती बहुतेक पुण्या-मुंबईची, उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय. तिच्या पाककृतीत ओलं खोबरं असे. नागपुरात नारळ देवाला. रश्शाला सुकं खोबरं, खसखस, आणि चटणीला जवस. 'वाटीभर ओला नारळ' वाचून इथल्या बाया तिथे शेंगदाण्याचा कूट घालून मोकळ्या होत. तेवढी तडजोड स्वयंपाकात चालते. पण मासिकातल्या बाईची भाषा, तिचं घर, तिचे प्रश्नही दुसरीकडचे असले की वाचणारीला वाटू लागतं, कमी आपल्यातच आहे.

एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ पासून होती. गिरणीतली, विणकरांच्या मागावरची, विडी वळणारी बाई शहरात सकाळ-संध्याकाळ दिसत होती. 'नोकरी करावी की नाही?' हा मासिकांत वर्षानुवर्षं गाजलेला प्रश्न तिच्यासाठी प्रश्नच नव्हता. तिचे प्रश्न वेगळे: मजुरी, दारू, मुलीची शाळा, पाणवठा.

ते छापणारी पानंही याच शहरात होती. किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरात छापखाना टाकून 'मजूर पत्रिका' आणि पुढे १९३० च्या दशकात 'चोखामेळा' ही पत्रं चालवली. 'चोखामेळा'च्या कामात तुळसाबाई बनसोडे यांचं नाव घेतलं जातं. त्याच शहरातल्या जाईबाई चौधरी स्टेशनवर ओझी वाहून शिकल्या आणि पुढे त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. १९३७ च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं, तेव्हा जेवणाच्या पंगतीत दलित स्त्रियांना वेगळं बसवल्याचं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये नोंदवलं आहे. 'समस्त भगिनीवर्ग' असं अग्रलेखात लिहिणं सोपं असतं. पंगतीत कोण कुठे बसलं ते बघितलं की वर्गाची हद्द कळते.

जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित स्त्रियांची मोठी परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि समोर हजारो बाया. तिथल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुलींची लग्नं घाईने करू नका, मुलांची संख्या मर्यादित ठेवा, मुलांना शिकवा असं सांगितलं. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, दासी म्हणून नव्हे, असंही सांगितलं. हाही आदर्शच, बरं का. स्वच्छ राहा, नीटनेटक्या राहा हा भागही त्यात होता. फरक एवढा की यातल्या बाईकडून काही विकत घेण्याची अपेक्षा नव्हती. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या भोवती पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे छोट्या खपाची मासिकं आणि पुस्तिका मिळतात. बर्डीवरच्या दिवाळी अंकांहून त्यांची मुखपृष्ठं निराळी; सावित्रीबाई आणि रमाबाई त्यांवर असतात, आणि त्यांनी काय केलं ते आत लिहिलेलं असतं.

पुरुषांचं मासिक कुठे गेलं?

बायकांची मासिकं आहेत, मग पुरुषांची का नाहीत? कारण पाटी न लावलेलं प्रत्येक मासिक पुरुषांचंच धरलं जाई. राजकारण, अर्थकारण, शिकार, विज्ञान हा 'सर्वसाधारण' मजकूर. स्वयंपाक आणि मूल 'महिलांसाठी'. त्यामुळे पुरुषांबद्दलचा आदर्श कधी उघड चर्चेला आलाच नाही, तो हवेसारखा सगळीकडे पसरलेला राहिला. कमावता, न रडणारा, उपाय माहीत असलेला.

जाहिरातीचा खेळ मात्र त्यालाही सुटलेला नाही. अमेरिकेत १९३३ मध्ये 'एस्क्वायर' निघालं ते पुरुषांना कपडे विकायला. पण कपड्यांची हौस बायकी, असा समज. मग त्या हौसेला मर्दानी कुंपण घातलं गेलं: कादंबरीकार हेमिंग्वेची पानं, खेळ, मद्य, आणि सुंदर मुलींची चित्रं. आजच्या पिळदार पोटाच्या मासिकांचं गणितही तेच आहे; 'सहा आठवड्यांत' हे शब्द ज्या मुखपृष्ठावर असतात, त्याच्या आत प्रोटीनच्या डब्याची जाहिरात असतेच असते.

मराठीत एक अपवाद इतका मोठा आहे की त्याला सोडून जाता येत नाही. र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य', १९२७ ते १९५३. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, स्त्रीलाही सुख हवं असतं ही त्या काळी भलतीच वाटणारी गोष्ट, असं सगळं त्यात असे. वाचकांची पत्रं येत, त्यांत पुरुषांच्या मनातली जी भीती घरात, मित्रांत, डॉक्टरपुढेही बोलता येत नव्हती ती असे. कर्वे सरळ उत्तरं देत. १९३४ मध्ये अशा उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू मांडायला वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं. गंमत म्हणजे त्याच्याही मुखपृष्ठावर बाई, नग्न. शरीरात अश्लील काही नसतं हा कर्व्यांचा मुद्दा. पण तो पटवायला त्यांनीही पुरुषाचं शरीर निवडलं नाही, हे नजरेआड करता येत नाही. अगदी अलीकडच्या काळात मुंबईची 'मावा' ही पुरुषांची संघटना 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक काढत आली आहे. घरातली हिंसा, बापपण, मर्दपणाचं ओझं यांवर पुरुषच त्यात लिहितात. तो अंक बर्डीवर मिळणं कठीण, हेही सांगून टाकतो.

वाचणारी काही मातीचा गोळा नव्हे

इथपर्यंत वाचून असं वाटेल की मासिक छापतं आणि वाचक मुकाट तसा घडतो. तसं होत नाही. योक हर्मेस या डच संशोधिकेने बायकांशी लांबलचक गप्पा मारून १९९५ मध्ये एक पुस्तक लिहिलं, बायका मासिकं कशा वाचतात यावर. तिला आढळलं की बहुतेक जणी मासिक मन लावून वाचतच नाहीत. मूल झोपलंय, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्यात, तेवढ्यात चाळतात. हाक आली की ठेवून देतात. वाचलेलं फारसं आठवत नाही. राहतो तो एक आभास: वेळ आलीच तर आपल्याला हे माहीत असेल, आपण तयार आहोत. दुपारी पडल्या पडल्या मासिक चाळणारी काकू तरी याहून काय वेगळं करते? पाककृती कापून डब्यात ठेवते, कथा वाचते, सल्ला वाचून 'हिला काय जातंय सांगायला' म्हणते.

पण विसरलेल्या गोष्टीही तळाला साचतात. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की मोजपट्टी नसेल तेव्हा माणूस स्वतःला इतरांशी ताडून बघतो. पूर्वी ताडायला शेजारीण होती, जाऊ होती. मासिकाने त्यांच्या जागी प्रकाशयोजना केलेली, फोटोत हात फिरवलेली अनोळखी बाई आणली. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा फोटोत बदलला असेल तर तसं छापावं लागतं. नियम चांगला आहे; पण 'हा फोटो खोटा आहे' असं वाचूनही डोळ्याला तो सुंदरच दिसतो, ही त्यातली अडचण.

वाचक चिडून उठल्याचंही उदाहरण आहे. स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रीडन यांनी १९६३ च्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की अमेरिकी मासिकांतल्या कथांच्या नायिका १९३९ च्या सुमारास नोकऱ्या करत. युद्धानंतर त्याच पानांवर नुसत्या सुखी गृहिणी उरल्या. पुढे १८ मार्च १९७० ला न्यूयॉर्कमध्ये शंभरावर स्त्रिया 'लेडीज होम जर्नल'च्या कचेरीत शिरल्या आणि संपादकाच्या खोलीत अकरा तास ठिय्या देऊन बसल्या. बायकांच्या मासिकाचा संपादक पुरुष होता, जॉन मॅक कार्टर. बाई संपादक नेमा, अपमानकारक जाहिराती थांबवा अशा मागण्या होत्या. पदरात पडली ती त्या वर्षीच्या ऑगस्टच्या अंकातली आठ पानं, त्यांनी स्वतः लिहिलेली.

आता मासिकांचा खप ओसरला, बरीच बंद पडली, आणि तेच काम फोनवरच्या रील करतात. पद्धत जुनीच आहे: आधी प्रश्न, मग वस्तू. बदललं ते दोन बाबतींत. 'स्त्री'च्या एका अंकात विणकाम बघायला गेलेली बाई चुकून विधवेची कथा वाचून यायची; फोन विणकाम बघणारीला पुढेही विणकामच दाखवतो, नकोसं पान मध्ये येऊच देत नाही. आणि कुठली मुलगी कितव्या वेळेला त्वचेचा व्हिडिओ बघणार हे ठरवणाऱ्या यंत्रणेला 'संपादकांस पत्र' धाडता येत नाही, तिच्या खोलीत जाऊन बसणं तर दूरच.